अळीनं खाल्लेलं पान

१

बुधवारी सकाळी छपाईच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात घड्याळकाका खालून वाकून आत शिरले. असा वाकून शिरणारा माणूस एक तर घाईत असतो, नाहीतर संतापलेला. काकांचा सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता आणि घाई त्यांना माहीतच नव्हती.

त्यांनी टेबलावर एक पत्रिका ठेवली. महिन्यापूर्वी त्यांची बायको वारली. ती शाळेची मुख्याध्यापिका, अर्ध्या गावाची 'बाई'. येत्या रविवारी तिची स्मरणसभा होती. सभेच्या अडीचशे पत्रिका सोमवारी याच दुकानात छापल्या होत्या आणि मंगळवारी वाटूनही झाल्या होत्या.

"आतलं पान वाच. मोठ्यानं वाच, कलाकार," काका म्हणाले.

कलाकार म्हणजे दुकानाचा मालक. वय चौतीस, पोट जरा पुढं, आणि लहानपणी चित्रकलेत एक बक्षीस मिळाल्यापासून चिकटलेलं हे नाव. त्यानं वाचायला सुरुवात केली. बाईंचं नाव, रविवार, सकाळी दहा, शाळेचं सभागृह. खाली "कृपया पुष्पहार आणू नयेत" ही ओळ असायला हवी होती. तिच्या जागी भलतंच काही होतं.

"हसत या, रंगीत टोपी घालून या! मेणबत्त्या सगळ्यांनी मिळून फुंकायच्या आहेत!"

"काल संध्याकाळी तिच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला," काका म्हणाले. "रडत होती पोरगी. म्हणाली, काका, बाईंची शेवटची इच्छा असेल तर घालीन टोपी, पण रंग कुठला ते सांगा."

कलाकाराचे कान तापले. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलून गेला, "मी नाही... म्हणजे, मशीनवर मामा होते."

एवढंच वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं. पण बाईंनी एकदा मशीनमामांच्या मुलीला नववीत नापास केलं होतं आणि मामा शाळेच्या फाटकाशी उभे राहून "हे मी विसरणार नाही" असं ओरडले होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनाही होतं.

"असं आहे तर," काका म्हणाले. "रविवारी भर सभेत त्यानं उभं राहून कबूल करायचं. नाही केलं, तर मी त्याचं नाव घेईन." जाता जाता ते थांबले आणि पत्रिकेवरच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. सात पानांची नाजूक डहाळी होती ती, आणि त्यातलं एक पान अळीनं अर्धं खाल्लेलं. "हे मात्र तुझे उपकार आहेत माझ्यावर. पहिल्यांदा दाखवलंस तेव्हाच कळलं मला, ही तीच. अर्ध्यावर गेलेली. तू तिच्यासाठी काढलंस हे."

कलाकारानं मान खाली घातली. काकांना तो विनय वाटला. ते गेले, आणि मागच्या दारात फडकं हातात घेऊन मशीनमामा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

२

मशीनमामा चोवीस वर्षं या दुकानात होते. कलाकाराला त्यांनी शाळेच्या चड्डीत पाहिलेलं. त्याच्या वडिलांमागं दुकान टिकलं ते मामांमुळं.

"अरे कलाकार," ते हळूच म्हणाले, "तुला वाटतं मी असं करीन?"

नाही, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण तेवढा वेळही त्यानं घेतला नाही, की तेवढा वेळ त्याला पुरला नाही, देव जाणे. त्यानं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"माझा नियम तुला माहीत आहे," मामा म्हणाले. "छापतो ते मी वाचत नाही. शाई बघतो, कागद बघतो. अक्षर तू दिलंस म्हणजे तू वाचलेलं असणार." त्यांनी एप्रन काढला, घडी घातली, मशीनवर ठेवला आणि ते निघून गेले.

कलाकारानं पहिलं काम केलं ते कॉम्प्युटर उघडण्याचं. ती टोपीची ओळ फाइलमध्ये तशीच बसलेली होती. त्यानं ती घाईघाईनं पुसली, जुनी ओळ लिहिली आणि फाइल बंद केली. आपण पुरावा पुसतोय, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याला एवढंच कळत होतं की आत्या यायची वेळ झाली आणि तिनं या फाइलच्या मागं काय आहे ते बघता कामा नये.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांची पुस्तकं तपासली, चुका काढल्या. आता रोज दहाला भिंग घेऊन दुकानात यायची आणि छापायला जाणारा प्रत्येक कागद वाचायची. गाव तिला भिंगआत्या म्हणायचं. तिच्या तावडीतून वेलांटी सुटत नसे, माणूस तर लांबच.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी भिंतीवरच्या खिळ्याकडं गेली. दुकानाची रीत अशी, की तपासलेल्या नमुन्यावर आत्या तारीख-वेळ घालून सही करायची आणि तो कागद खिळ्याला अडकवायचा. सोमवारचा कागद तिथं होता. साडेदहाची सही.

"यात टोपी नाही," आत्या म्हणाली. "छपाई बाराला सुरू झाली. म्हणजे साडेदहा ते बाराच्या मधे कुणीतरी हात घातलाय. उघड बघू ती फाइल."

"इंटरनेट बंद आहे," कलाकार म्हणाला.

आत्यानं भिंगातून त्याच्याकडं पाहिलं. भिंगामागं तिचा डोळा बशीएवढा दिसत होता. "मघाशी रेडिओसारखी गाणी वाजवत होतास फोनवर, ती कुठून येत होती?"

३

आता त्याचं गुपित सांगायलाच हवं, नाहीतर पुढं सगळेच चाचपडत बसाल.

गेली सहा वर्षं कलाकारानं एक रेघसुद्धा काढली नव्हती. वडील गेले, दुकान अंगावर पडलं, आणि हात कधी बंद पडला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मग एकदा नेटवर धुंडाळताना त्याला एक साइट सापडली. हजारो टेम्प्लेटं, सगळी मोफत. लग्नाची, बारशाची, दुकानाच्या उद्घाटनाची. चित्र तयार, रंग तयार, आपण फक्त अक्षरं बदलायची. यात चोरी कसली? लोकांनी वापरावीत म्हणूनच ती ठेवलेली होती. करणाऱ्यांची अट एकच: कोपऱ्यात आमचं बारीक अक्षरातलं नाव तेवढं राहू द्या.

ते नाव तो दरवेळी पुसायचा. बायकोलाही ठाऊक नव्हतं. लोक म्हणायचे, काय हात आहे तुझा, आणि तो मान हलवायचा. घड्याळकाका ते पान पाहून रडले आणि म्हणाले, "तिच्यासाठी काढलंस ना?" तेव्हाही मान हलली होती. आपण तोंडानं खोटं बोललो नाही, असं तो तेव्हापासून स्वतःला सांगत होता, आणि प्रत्येक वेळी ते कमी पटत होतं.

आत्यानं चौकशी सुरू केली ती घरापासून. कलाकाराची बायको मजकूर टाइप करायची.

"मी रविवारीच टाइप करून दिलं, सोमवारी तुम्ही वाचलंत," ती आत्याला म्हणाली. "सोमवारी अकराला मी दंतवैद्याकडं तोंड उघडून बसले होते. विचारा त्याला." मग नवऱ्याकडं वळून, "आणि तुम्ही मामांचं नाव घेतलंत म्हणे? काही वाटलं का हो जिभेला?"

तो उत्तर शोधत होता तेवढ्यात शेजारची केकवाली दारात आली. दोन महिन्यांपूर्वीच गावात येऊन तिनं बाजूचा गाळा घेतला होता. कोपरापर्यंत पीठ, एका हातात फोन.

"अहो कलाकार, तुम्ही दिलंत ना ते, त्यात लिहिलेलं टिकतच नाही हो! सोमवारी लिहिलं, काल होतं, आज बघते तर गायब. बाळाचा वाढदिवस आलाय तोंडावर..."

"नंतर बघू, नंतर!" कलाकारानं तिला जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. तिला आपण काय दिलं होतं, हे आत्यासमोर निघायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आत्यानं भिंग पदरानं पुसलं.

४

दुपारी बाईंचा भाऊ आला. त्याचा आणि घड्याळकाकांचा फोटोवरून वाद झाला होता. त्याला बहिणीचा तरुणपणीचा फोटो हवा होता, काकांना पिकल्या केसांचा. सोमवारी पत्रिकांचे गठ्ठे न्यायला तोच आला होता आणि अकरापासून बाकावर बसून होता. कलाकाराला वाटलं, हा सापडला तर बरं. दुसऱ्याच क्षणी त्याला या विचाराची शिसारी आली. आपलं दुसऱ्याच्या गळ्यात घालायला सकाळपासून हा दुसरा माणूस.

"राग होता मला," भाऊ म्हणाला. "पण बहिणीच्या पत्रिकेत असलं लिहीन? आणि लिहिणार कुठं? मी बाकावरून हललोसुद्धा नाही."

"मामा काय करत होते?" आत्यानं विचारलं.

"मशीन पुसत होते सगळा वेळ. कॉम्प्युटरकडं फिरकलेसुद्धा नाहीत." भाऊ जरा घुटमळला. मग कलाकाराकडं न बघता म्हणाला, "तिथं एकटे हेच होते. पावणेबाराला. काचेचं दार लोटून बसलेले. मी हाक मारली तर केवढ्यानं दचकले!"

कलाकार दचकला होता, हे खरं होतं.

आत्या उठली. "चल," ती भाच्याला म्हणाली. "पाव आणू."

५

केकवालीच्या दुकानात भट्टीची धग होती. आत्यानं पाव मागितला नाही. ती पिठाच्या पोत्यावर बसली, मांडीवर खिळ्याचा कागद ठेवला आणि शेजारी छापलेली पत्रिका.

"दोन्हींत फरक किती?" तिनं भाच्याला विचारलं.

"एक. ती ओळ."

"दोन आहेत. मागचं पान बघ. अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढं अक्षर." तिनं भिंग पत्रिकेवर धरलं. तिथं लिहिलं होतं: चित्र व सजावट, आणि पुढं कलाकाराचं नाव. "मी सही केलेल्या कागदावर हे नाही. टोपी कुणी घातली ते नंतर बघू. पण मामांनी सूड घ्यायचा म्हणून तुझं नाव का छापावं? बाईंच्या भावानं का छापावं? या ओळीची हौस जगात एकाच माणसाला असू शकते."

कलाकार उभ्या उभ्या घामानं भिजला. "मी... काकांनी एवढं कौतुक केलं, म्हणून वाटलं नाव घालावं. पावणेबाराला घातलं. फाइल पुन्हा उतरवून मशीनला दिली."

"आतलं पान परत वाचलंस?"

"नाही. ते तू वाचलेलं होतंस."

"मामा तुझ्यावर विसंबले, तू माझ्यावर, आणि मधल्या सव्वा तासावर कुणीच नाही." आत्या केकवालीकडं वळली. "बाई, सकाळी तुम्ही काय म्हणत होतात? यानं काय दिलं तुम्हांला?"

केकवाली बिचारी मनमोकळी होती. "लिंक दिली हो. पंधरा दिवस झाले. मी विचारलं, इतकी सुंदर डिझाइनं मिळतात कुठं, तर म्हणाले, मिळत नाहीत, मी काढतो. ही घ्या लिंक, तुम्ही फक्त अक्षरं बदला." तिनं फोन पुढं केला. "ही बघा."

फोनवर डहाळी होती. सात पानं. एक अळीनं अर्धं खाल्लेलं. मधे बाईंचा फोटो, पिकल्या केसांचा.

"ही बाई कोण, माहीत आहे?" आत्यानं विचारलं.

"नमुन्यातली असेल ना? आधी दुसरीच होती, मग ही आली. मला वाटलं, ते बदलत असतील. मजकूर पण कुणाच्या तरी सभेचा होता. म्हटलं नमुन्यात काय, काहीही लिहितात. सोमवारी अकराच्या सुमाराला एकच ओळ बदलली, टोपीची, तेवढ्यात भट्टीची घंटा वाजली." आत्याचा चेहरा बघून ती थबकली. "काय झालं हो?"

आता कलाकाराला सगळं दिसलं. नेटवर फाइल दोन तऱ्हांनी देता येते. एकात घेणाऱ्याला स्वतःची वेगळी प्रत मिळते. दुसऱ्यात तो थेट तुमच्या फाइलमध्ये येतो, तुमच्या कागदावर लिहितो. साइटचा पत्ता दिला असता तर केकवालीला तिची प्रत मिळाली असती, पण मग गुपित फुटलं असतं. म्हणून त्यानं स्वतःच्या फाइलचं दार उघडून दिलं होतं. पुढं काका आले, त्यानं त्याच फाइलमध्ये बाईंचा मजकूर भरला, आणि दार उघडं आहे हे साफ विसरला.

"आयत्या बिळावर नागोबा," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "पान कुणी काढलंय?"

"माहीत नाही. नाव होतं. मी पुसलं."

"चोवीस वर्षं राबलेल्या माणसाला घरी घालवलंस, का, तर तू फुकटचं वापरतोस हे कळू नये म्हणून. फुकटचं वापरायला कोण लाजतं रे? मी जन्मभर वाचनालयातली पुस्तकं वाचली." ती उठली. "रविवारची वाट बघू नकोस. काकांकडं आज जा. मी येणार नाही."

६

घड्याळकाका डोळ्याला काच लावून बसले होते. कलाकारानं उभ्यानंच सगळं सांगितलं. लिंक, नाव, मामा. पानाचं शेवटी सांगितलं, कारण तेच सगळ्यात जड होतं.

"ते पान मी काढलेलं नाही, काका. बाईंसाठी तर नाहीच. नेटवर फुकट आहे. कुणालाही मिळतं."

काकांनी डोळ्याची काच काढून ठेवली. मग त्यांनी खणातून एक बायकी मनगटी घड्याळ काढलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. मागच्या झाकणावर त्यांनी सुईनं ती डहाळी कोरली होती. सात पानं, एक अर्धं. आठवडाभराचं काम असावं.

कलाकाराला वाटलं, जमीन फाटावी. तो म्हणाला, "मी ते घासून देतो. दुसरं... मी स्वतः काहीतरी..."

"हात लावू नकोस." काकांनी घड्याळ ओढून घेतलं. काच परत डोळ्याला लावून ते त्या पानाकडं बघत राहिले. "ज्यानं कुणी हे काढलं, त्याला कुणीतरी अर्ध्यावर गेलेलं माहीत आहे. उगाच नाही असं पान काढता येत. पान खोटं नाही. तू खोटा आहेस." मग जरा वेळानं, "त्याचं नाव शोधून काढ. नव्या पत्रिकेवर ते घाल. आणि रविवारी सभेत उभा राहा."

नाव सापडायला पाच मिनिटं लागली. साइटवर डहाळीच्या खालीच होतं ते, कुठल्या तरी दूरच्या देशातल्या बाईचं. खाली तिनं दोन ओळी लिहिल्या होत्या: आईच्या बागेतली डहाळी आहे, खुशाल वापरा.

नव्या पत्रिका त्यानं स्वतः मशीनवर छापल्या, पहिले तीस कागद वाया घालवले, आणि घरोघर स्वतः वाटल्या. रविवारी तो उभा राहिला. सभागृहात दोनशे माणसं होती. त्यानं आपलं केलेलं सांगितलं, मामांचं काही नाही हे दोनदा सांगितलं. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत मामा हाताची घडी घालून बसले होते. मुलीला घेऊन आले होते. सभा संपल्यावर कलाकार त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत ते निघून गेले.

७

सोमवारी मामा कामावर आले. कलाकार दारापर्यंत धावला, वाकून पायाला हात लावायला गेला. मामा बाजूला झाले, एप्रन उचलला, घडी मोडली.

"चहा सांगू, मामा?"

"काम काय आहे?"

काम केकवालीच्या बाळाच्या वाढदिवसाचं होतं. वेगळी फाइल, वेगळं टेम्प्लेट, आत्याची सही खिळ्यावर. कलाकारानं मशीनला फाइल दिली. मामांनी पहिला कागद काढला, उजेडात धरला, शाई बघितली. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला. चोवीस वर्षांत मशीनपाशी त्यांनी चष्मा लावलेला कुणी पाहिला नव्हता. पण त्यांनी तो घातला नाही. कागद कलाकारापुढं धरला.

"वाचा, मालक."

कलाकार थांबला. लहानपणापासून त्यांनी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती, कधी अहो-जाहो केलं नव्हतं. आत्या कोपऱ्यात कागदांवर वाकलेली होती. तिनं मान वर केली नाही.

"मामा, आत्यानं वाचलंय."

"तुम्ही वाचा. मोठ्यानं. मी ऐकतो. त्याशिवाय मशीन सुरू होणार नाही, आजपासून."

त्यानं वाचलं. बाळाचं नाव, वार, वेळ. रंगीत टोपी घालून या, मेणबत्त्या सगळ्यांनी मिळून फुंकायच्या आहेत. त्याचा आवाज मधेच बसला. मामा थांबले, तो खाकरला, पुढं गेला. शेवटी कागद संपला असं वाटून त्यानं वर पाहिलं.

"कोपऱ्यातलं राहिलं," मामा म्हणाले.

कोपऱ्यात बारीक अक्षरात एक परकं नाव होतं. कलाकारानं तेही वाचलं. मामांनी चष्मा खिशात ठेवला आणि मशीन सुरू केलं.